नाकापेक्षा मोती जड: हाफ-टन पिकअपला मोठा कॅम्पिंग ट्रेलर जोडण्याआधी

अमेरिकेत पहिला कॅम्पिंग ट्रेलर घेणाऱ्यांचा क्रम बहुतेकदा उलटा असतो. आधी आरव्ही शोमध्ये मुलांना बंक बेडवाला ट्रेलर आवडतो, मग सेल्समन विचारतो, "ट्रक कोणता आहे?" एफ-१५० किंवा सिल्व्हराडो १५०० असं उत्तर आलं की तो हसून म्हणतो, "मग काही प्रश्नच नाही." कागदपत्रं होतात, ट्रेलर घरी निघतो आणि हायवेवर पहिला अठराचाकी शेजारून गेला की स्टिअरिंगवरचे हात आपोआप आवळतात.

सेल्समन तसा खोटं बोललेला नसतो. आजचे हाफ-टन ट्रक, म्हणजे एफ-१५० च्या वर्गातले पिकअप, ओढायला दमदार आहेत. ते कमी पडतात पेलायला. ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, त्याच्या पुढच्या टोकाचा भार ट्रकच्या पाठीवर बसतो. ट्रकला तो भार, घरातली माणसं आणि मागच्या बेडमधलं सामान असं सगळं एकदम पेलायचं असतं. हे गणित ट्रेलर घ्यायच्या आधी करायचं, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च केला आहे.

हा लेख ज्यांच्याकडे एफ-१५०, सिल्व्हराडो किंवा सिएरा १५००, रॅम १५०० किंवा टुंड्रा आहे आणि ज्यांचा डोळा २४ ते ३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलरवर आहे त्यांच्यासाठी. वजनं पौंडांत दिली आहेत, कारण इथले सगळे स्टिकर आणि वजनकाटे पौंडांतच बोलतात. १,००० पौंड म्हणजे साधारण ४५४ किलो.

पायरी १: दार उघडा, स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीच्या खांबावर दोन स्टिकर दिसतील. पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर टायरचा आकार आणि हवेचा दाब असतो, आणि त्याच्यासोबत एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या किंवा इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. हा तुमच्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला नव्हे, वेबसाईटवरचा नव्हे, शेजाऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या ट्रकचाही नव्हे. फोर-व्हील ड्राइव्ह, मोठं सनरूफ, मोटरवर सरकणाऱ्या लेदर सीट, मोठी चाकं या सगळ्याला वजन असतं आणि ते याच आकड्यातून वजा होऊन आलेलं असतं. म्हणून गंमत अशी की सगळ्यात महागडं मॉडेल पेलायला अनेकदा सगळ्यात कमकुवत निघतं. साध्या, कामाच्या ट्रकचा पेलोड १,९०० असेल तर त्याच कंपनीच्या चकचकीत ट्रकचा १,४०० वर आलेला असू शकतो.

या आकड्यात पेट्रोलची पूर्ण भरलेली टाकी आधीच धरलेली असते; ड्रायव्हर मात्र धरलेला नसतो. डीलरकडून निघाल्यावर तुम्ही बसवलेलं बेडचं झाकण, पायऱ्या, टूलबॉक्स हे सगळं तुमच्या खात्यातून जातं.

दुसऱ्या स्टिकरवर ट्रकचं कमाल एकूण वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर असतं, आणि पुढच्या व मागच्या अॅक्सलची वेगवेगळी मर्यादा असते. दोन्ही स्टिकरचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. आरव्हीच्या दुकानात कामाला येणारी वस्तू हीच.

मग जाहिरातीतला तो मोठा आकडा कुठून येतो? २०२१ च्या एफ-१५०ची कमाल ओढण्याची क्षमता फोर्डने १४,००० पौंड जाहीर केली होती. आकडा खरा आहे, एसएई जे२८०७ नावाच्या प्रमाणित चाचणीतून आलेला आहे. त्या चाचणीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक चढावर, कडक उन्हात, एसी चालू ठेवून, ट्रकला ठरावीक वेग टिकवावा लागतो. पण त्यात ट्रकमध्ये दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात आणि ट्रेलरच्या वजनाचा जेमतेम १० टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, धरलेला असतो. १४,००० चे १० टक्के म्हणजे १,४००. दोन मुलं, कूलर आणि सायकली यांच्यासाठी त्या गणितात जागाच नाही.

पायरी २: ट्रेलरचं "ड्राय वेट" विसरा

ट्रेलरच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते ड्राय वेट, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात बॅटरी नसते, प्रोपेन नसतं, पाणी नसतं, भांडीकुंडी नसतात. तशा अवस्थेत तो ट्रेलर तुम्ही आयुष्यात कधी ओढणार नाही. आपल्या मंडळींच्या ट्रेलरमध्ये तर पाच लिटरचा कुकर, बिडाचा तवा, पोळ्यांचं पीठ आणि मंडळातल्या दोन कुटुंबांना पुरेल इतका फराळ असतोच.

हिशेबासाठी ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर घ्या, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं परवानगी असलेलं कमाल वजन. ते ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या कोपऱ्यापाशी स्टिकरवर असतं. त्याचे १३ टक्के काढा. भरलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरचा हिचवरचा भार, म्हणजे टंग वेट, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, आणि बंक बेडवाले कौटुंबिक ट्रेलर बहुधा १३ च्या आसपास बसतात. हा भार कमी असला तर चांगलंच, असं वाटणं साहजिक आहे, पण तो १० च्या खाली गेला की ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागतो. त्याबद्दल पुढे.

पायरी ३: हिशेब मांडा

एक नमुना घेऊ. ट्रकचा पेलोड १,६२०. ट्रेलरचं ड्राय वेट ५,४००, माहितीपत्रकातलं टंग वेट ५६०, जीव्हीडब्ल्यूआर ७,०००. घरात चार माणसं, मिळून ४९० पौंड. चांगल्या प्रतीच्या हिचचं वजन सुमारे १०० पौंड.

माहितीपत्रकावर विसंबलात तर १,६२० मधून ४९०, १०० आणि ५६० जाऊन ४७० उरतात. छान वाटतं. आता खरा हिशेब: ७,००० चे १३ टक्के म्हणजे ९१०. १,६२० मधून ४९०, १०० आणि ९१० गेले की उरले १२०. त्यात कूलर, जळाऊ लाकडं आणि मुलांच्या सायकली बसवायच्या. लहान जनरेटर घेतला तर लाकडं तिथेच जाऊन विकत घ्यायची. (तसंही सरपण घरून नेऊ नका. लाकडांतून किडे पसरतात म्हणून बऱ्याच राज्यांत त्याला बंदी किंवा मर्यादा आहे.)

आणि भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की? दोघांचे मिळून २७० पौंड धरले तर तोच ट्रक मर्यादेच्या १५० पौंडांनी वर जातो. सहा जणांचं कुटुंब होणार हे आधीच माहीत असेल तर सहा जणांचाच हिशेब धरा, किंवा आई-बाबांना दुसऱ्या गाडीतून न्या. बरीच कुटुंबं तेच करतात आणि त्यात काही बिघडत नाही.

या नमुन्यातून दिसतं ते असं की जाहिरातीत ११-१२ हजार पौंड ओढणारा साधारण हाफ-टन ट्रक चौकोनी कुटुंबासह ७,००० पौंडांच्या ट्रेलरलाच काठोकाठ भरतो. तुमच्या ट्रकचा पेलोड १,४०० असेल तर ५,५०० च्या आतला ट्रेलर बघा. १,९०० च्या वर असेल तर साडेआठ हजारांपर्यंत विचार करता येईल. ३० फुटी, दोन-दोन स्लाइडवाला (बाजूने बाहेर सरकणाऱ्या भागांचा) ट्रेलर हवाच असेल तर थ्री-क्वार्टर टन, म्हणजे एफ-२५० किंवा २५०० च्या वर्गातला ट्रक लागतो. पण तिथेही स्टिकर वाचा, कारण डिझेल इंजिनाच्या वजनाने तिथलाही पेलोड खाल्लेला असतो. फिफ्थ व्हील प्रकारचे ट्रेलर, जे ट्रकच्या बेडमध्ये टेकतात, त्यांचा २० टक्क्यांच्या आसपास भार ट्रकवर येतो. हाफ-टनवाल्यांनी त्या रांगेत उभंच राहू नये.

लांबीचाही एक ढोबळ नियम सांगतात: ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ११० इंच असेल तर २० फुटी ट्रेलर, आणि पुढे दर ४ इंचांना एक फूट. १४५ इंचांच्या ट्रकला त्या हिशेबाने २८-२९ फूट येतात. हा नियम कुठल्या प्रमाणित चाचणीतला नाही, पण वाऱ्याच्या प्रदेशात राहत असाल तर तो पाळलेला बरा.

निर्णय पक्का व्हायच्या आधी साधारण त्याच लांबीचा ट्रेलर एका वीकेंडला भाड्याने घ्या. घरातल्या सगळ्यांना कॅम्पिंग खरंच आवडतं का, हेही त्यातच कळतं.

पायरी ४: मधलं सामान

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच. ट्रकमागच्या नुसत्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर टेकतो त्या लोखंडी गोळ्यावर, ९०० पौंड टेकवले की ट्रकची शेपूट खाली बसते आणि पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही त्या पुढच्या चाकांच्याच भरवशावर असतात. या हिचच्या दोन जाड स्प्रिंग बार ताण देऊन भाराचा काही हिस्सा पुढच्या अॅक्सलकडे आणि काही ट्रेलरच्या अॅक्सलकडे सरकवतात. ट्रकच्या बंपरखाली रिसीव्हरवर, म्हणजे हिच ज्यात बसते त्या चौकोनी नळीवर, एक स्टिकर असतं. त्यावर अशा हिचशिवायची मर्यादा आणि हिचसकटची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते. अनेक ट्रकांवर पहिली मर्यादा ५०० पौंड टंग वेटची असते. मोठ्या ट्रेलरला ही हिच घ्यायची की नाही, हा प्रश्न तिथेच मिटतो. डोलणं रोखण्याची सोय असलेलीच हिच घ्या. बार तुमच्या खऱ्या टंग वेटच्या मापाच्या हव्यात. उगाच जास्त ताकदीच्या घेतल्या तर ट्रक खडखडतो.

ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर ट्रकमध्ये कारखान्यातूनच असेल तर उत्तम. नसेल तर बाहेरून बसवता येतो. तो प्रपोर्शनल प्रकारचा असावा, म्हणजे तुम्ही जितक्या जोरात ब्रेक दाबाल तितक्याच जोरात ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागे सात पिनांचं सॉकेट लागतं. बॉल ट्रेलरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या वाटीवर) लिहिलेल्या मापाचाच: मोठ्या ट्रेलरांना बहुधा २ ५/१६ इंची, लहानांना २ इंची. कपलर मोठा आणि बॉल लहान असेल तर वरवर बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात सुटतो.

टायरकडे नीट बघा. ट्रेलरचे टायर एसटी (स्पेशल ट्रेलर) प्रकारचे असतात, त्यांना ठरावीक वेगमर्यादा असते (जुन्या टायरांची बहुधा ताशी ६५ मैल) आणि ते झिजण्याआधी वयाने मरतात. टायरच्या बाजूला डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षं झाली की वरची नक्षी कितीही ताजी दिसो, बदला. वापरलेला ट्रेलर घेत असाल तर नव्या टायरांचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा. शिवाय बाजूला बाहेर येणारे टोइंग मिरर हवेतच. ट्रेलरच्या कडेने मागचा रस्ता दिसला नाही तर लेन बदलणं म्हणजे जुगार.

पायरी ५: भरणं आणि जोडणं

जड वस्तू ट्रेलरच्या चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवा. मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तिथे लटकवलेलं वजन तरफेसारखं पुढचं टोक उचलतं, टंग वेट कमी करतं आणि डोलण्याला आमंत्रण देतं. शिवाय बरेच बंपर त्यासाठी बनवलेलेच नसतात. पाणी गॅलनला साधारण ८.३ पौंड: ४० गॅलनची टाकी म्हणजे ३३० पौंड. कॅम्पग्राऊंडवर नळ असेल तर रिकाम्या टाकीने निघा.

जोडण्याचा क्रम ठरवून घ्या आणि दर वेळी तोच पाळा. मध्ये कोणी बोलायला आलं, गप्पा झाल्या, तर पुन्हा पहिल्यापासून.

ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक, म्हणजे अडवणाऱ्या पाचरी. ट्रक मागे घेऊन बॉल कपलरच्या बरोबर खाली आणा. जॅकने ट्रेलर खाली उतरवा, कपलरची कडी बंद करा, त्यात पिन घाला. आता खरी परीक्षा: जॅक उलटा फिरवून ट्रेलरचं टोक वर उचला. ट्रकची शेपूटही त्याच्याबरोबर वर यायला लागली तर कपलर बॉलला धरून बसला आहे. बॉल मागे राहून कपलर एकटाच वर आला तर बसलेला नाही, पुन्हा करा. शेपूट तशीच वर उचललेली असताना स्प्रिंग बार लावा. हाताला फार कमी जोर लागतो. मग जॅक खाली घेऊन भार ट्रकवर सोडा आणि जॅकचा पाय पूर्ण वर घ्या.

साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे हिच तुटलीच तर ट्रेलरचं टोक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. ब्रेकअवे केबल वेगळी असते: ट्रेलर सुटला तर ती ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ती साखळीला बांधू नका, ट्रकला थेट अडकवा. सात पिनांचा प्लग लावा, दिवे कोणालातरी मागे उभं करून तपासा. चॉक सगळ्यात शेवटी काढा. निघताना ताशी पाच मैलांवर ब्रेक कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबा. मागून ट्रेलरने ट्रकला धरून ठेवल्यासारखं जाणवलं पाहिजे. मग मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी २०-२५ मैलांनी जात तोच लिव्हर पूर्ण दाबून गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, वाढवत जा, आणि ट्रेलरची चाकं लॉक होऊन घसरतील त्याच्या थोडं अलीकडे थांबा.

चाकांचे नट पहिल्या ५० मैलांत पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नव्या ट्रेलरमध्ये ते सैल होतात.

पायरी ६: वजनकाट्यावर जा

इथवरचं सगळं अंदाजाचं होतं. खरा निकाल काट्यावर लागतो, आणि तो काटा देशभरातल्या मोठ्या ट्रक स्टॉपवर मिळतो: पायलट फ्लाइंग जे, लव्ह्ज, टीए यांच्या आवारात कॅट स्केल नावाची पाटी दिसेल. खर्च एका पिझ्झाच्या आसपास, आणि त्याच दिवशी पुन्हा वजन केलं तर त्याहून बराच कमी. फोनवर त्यांचं ॲप घेतलं तर खाली उतरावंही लागत नाही.

काट्याचे तीन भाग असतात. ट्रकची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. वजन तीन वेळा करायचं: स्प्रिंग बार लावून, बार सोडून, आणि ट्रेलर बाहेर उभा करून फक्त ट्रकचं. निघताना जशी माणसं आणि सामान असेल तसंच सगळं ट्रकमध्ये हवं. पहिल्या सहलीच्या सकाळी लवकर जा. दुपारी मागे रांग लागते आणि ज्यांची रोजीरोटी त्यावर आहे त्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

वरच्याच नमुन्याचे आकडे पुढे नेतो. फक्त ट्रक: पुढे ३,२४०, मागे २,९००, एकूण ६,१४०. बार सोडून: पुढे २,८६०, मागे ४,१६०, ट्रेलर ५,९२०. बार लावून: पुढे ३,०६०, मागे ३,७८०, ट्रेलर ६,१००.

आता वाचू. बार सोडून ट्रकचं वजन ७,०२०. त्यातून ६,१४० वजा केले की टंग वेट ८८०. ट्रेलरचं पूर्ण वजन ५,९२० अधिक ८८०, म्हणजे ६,८००. टंग वेट जवळजवळ १३ टक्के, हवं तिथेच. पुढच्या अॅक्सलवरून ३८० पौंड उडाले होते, त्यातले २०० बारांनी परत आणले, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. पुढचा किती भार परत यायला हवा हे प्रत्येक ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते पाहा. सगळाच्या सगळा परत आणायचा हट्ट धरू नका. या ट्रकच्या स्टिकरवर मागच्या अॅक्सलची मर्यादा ४,०५० आणि एकूण मर्यादा ७,०५० आहे असं समजा. बारांशिवाय मागचा अॅक्सल ११० पौंडांनी जास्त होता. बार लावल्यावर तो २७० नी आत आला आणि पूर्ण ट्रक ६,८४०, म्हणजे २१० पौंड शिल्लक. पायरी तीनमधला हिशेब १२० शिल्लक दाखवत होता, पण तो बेडमधल्या सामानाआधीचा होता, आणि ते १२० पौंड सामान आता ट्रकमध्ये आहे. काट्यावर तरीही जागा उरली, कारण ट्रेलर काठोकाठ भरलेला नव्हता आणि बारांनी १८० पौंड ट्रेलरच्या चाकांवर ढकलले. म्हणून अंदाज कडक धरावा. काट्याने दिलेली सूट ही वरची साय.

पावती ट्रकच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

पायरी ७: रस्त्यावर

सुरुवातीला ताशी ६० मैल पुरे. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच कमाल ५५, आणि उजवी लेन. ट्रेलरची चौकोनी भिंत हवेला तोंड देत असते, त्यामुळे वेग थोडा वाढवला तरी पेट्रोल भसाभस जातं. गॅलनला नऊ-दहा मैल मिळाले तर गाडीत बिघाड आहे असं समजू नका, असंच असतं. पेट्रोल भरायला ट्रक स्टॉपवरच्या आरव्ही लेन वापरा. साध्या पंपावर आत शिरता येतं, बाहेर पडताना त्रेधा उडते. इलेक्ट्रिक पिकअप असेल तर रेंज निम्म्यावर येते हे धरूनच चार्जिंगचे थांबे ठरवा, आणि बऱ्याच चार्जरवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लावता येत नाही हेही लक्षात ठेवा.

डोलणं सुरू झालं तर काय करायचं हे आधीच मनात पक्कं असलं पाहिजे, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. स्टिअरिंग सरळ धरा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. ट्रकचा ब्रेक दाबू नका. त्याऐवजी कंट्रोलरच्या हाताच्या लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून ओढ देतो आणि पुन्हा रांगेत येतो. म्हणून तो लिव्हर न बघता हाताला सापडायला हवा. घरासमोर उभ्या ट्रकमध्ये सराव करा. त्यानंतर पहिल्या एक्झिटला उतरून कारण शोधा: मागे जास्त भार, कमी हवेचा टायर, नाहीतर तुमचा वेग.

वारा हे वेगळं प्रकरण. वायोमिंगमध्ये आय-८० या महामार्गावर वारा सुटला की हलक्या पण उंच गाड्यांना रस्ता बंद असल्याच्या पाट्या लागतात. कॅम्पिंग ट्रेलर नेमका त्याच जातीचा. अशा दिवशी ट्रक स्टॉपवर चहा करून बसणं हाच प्रवास.

चढावर डोंगरांची उंची ध्यानात घ्या. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्याही वर आहे, तिथे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. ट्रक ओरडेल, ओरडू द्या, उजव्या लेनमधून चढा. उताराला मात्र खंडाळ्याच्या घाटात जुने ड्रायव्हर शिकवायचे तोच नियम: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. टो-हॉल मोड (ट्रेलर ओढतानाची गिअरची सेटिंग) चालू ठेवा, उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करा, इंजिनाला रोखू द्या. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबून खाली आणा आणि पाय काढा, म्हणजे ब्रेक थंड व्हायला उसंत मिळते. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला आय-५ वरचा ग्रेपव्हाइन हा सहा टक्क्यांचा उतार शिकाऊ माणसाला पहिला धडा देतो.

वाट ठरवताना कारच्या नकाशावर विसंबू नका. न्यू यॉर्कचे पार्कवे आणि कनेक्टिकटचा मेरिट पार्कवे ट्रेलरना बंद आहेत, आणि तिथले पूल बुटके आहेत. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून दहा पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही. ट्रेलरवरच्या टाक्या २० किंवा ३० पौंडांच्या असतात. पूर्वी त्यासाठी फ्रान्सिस स्कॉट की पूल घेत. २६ मार्च २०२४ ला तो जहाज धडकून कोसळला, तेव्हापासून शहराभोवतीच्या आय-६९५ च्या पश्चिमेकडच्या बाजूने वळसा. मोंटानाच्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे. ट्रेलर कॅम्पवर सोडून नुसता ट्रक नेता येतो, तोही मागचा बेड आखूड असेल तर निर्धास्त.

विम्याचं थोडक्यात: ट्रक्सच्या पॉलिसीत ट्रेलरमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान बहुधा धरलेलं असतं, खुद्द ट्रेलरचं नसतं. एजंटला दोन्ही विचारा.

पायरी ८: मागे घेणं आणि मुक्काम

रविवारी सकाळी रिकामं पार्किंग गाठा आणि दोन कोन ठेवून सराव करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा: हात डावीकडे नेला की ट्रेलरची मागची बाजू डावीकडे जाते. एवढं एक धरून ठेवलं की अर्धी लढाई जिंकली. लहान लहान वळणं, कमी वेग, आणि दुमडायला लागला की पुढे जाऊन सरळ करा. शंका आली की उतरून बघा. यात कसलाही कमीपणा नाही. मार्गदर्शन करणाऱ्याला सांगून ठेवा की त्याला तुमच्या आरशात तुमचा चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर तो तुम्हाला दिसत नाही. हातवारे आधी ठरवा, आणि "अजून, अजून, अरे थांब!" या पद्धतीपेक्षा फोनवर बोलणं बरं. पहिल्या काही मुक्कामांना पुल-थ्रू जागा बुक करा, म्हणजे मागे घ्यायचा प्रश्नच येत नाही. बुकिंग करताना जागेची लांबी पाहा, आणि त्यात ट्रकही बसतो का तेही.

जागेवर पोचल्यावर आधी ट्रेलर डावी-उजवीकडे समपातळीत आणा. एका बाजूची चाकं ठोकळ्यांवर चढवायची ती ट्रक जोडलेला असतानाच. मग चाकांना चॉक, दोन्ही बाजूंना, घट्ट. त्यानंतरच जॅक खाली, बार सैल, साखळ्या, प्लग, केबल आणि सगळ्यात शेवटी कपलर. चॉकच्या आधी कपलर सोडला तर उतारावर सात हजार पौंड स्वतःच्या मर्जीने निघतात. ट्रक बाहेर काढून पुढची-मागची पातळी जॅकने लावा, आणि चारही कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर खाली घ्या. ते ट्रेलर हलू नये यासाठी असतात, उचलण्यासाठी नाहीत, तेव्हा टेकले की थांबा.